तिसऱ्या उखळापाशी बसलेली बाई

ही घटना खरी आहे. मेघना माझी मावसबहीण. तिने मला हे सांगितलं तेव्हा तिचा नवरा शेजारीच बसला होता, आणि त्याने तिला एकदाही अडवलं नाही.

ज्यांना पटणार नाही, त्यांनी सोडून द्यावं.

गेल्या वर्षीचा एप्रिल. जागा लालबाग. आणि रात्रबित्र काही नाही... भर दुपार, दीडची वेळ.

लालबागला मसाला कुटून देणाऱ्या ज्या जुन्या गिरण्या आहेत, त्यातली एक मेघनाच्या सासऱ्यांची. धोंडू परब. मशीन त्यांच्या तरुणपणातलं. ओळीने तीन उखळं आणि त्यांवर धाडधाड आपटणारी तीन लोखंडी मुसळं. मुसळ वर गेलं की शेजारी बसलेल्या बाईने हाताने मिरची आत सारायची. ते खाली यायच्या आत हात बाहेर.

चुकायला जागाच नाही.

यातलं तिसरं, भिंतीकडचं उखळ बंद होतं. त्याचं मुसळ साखळीने वर अडकवून ठेवलेलं. मेघना लग्न होऊन आली तेव्हापासून तसंच.

"तिथे कोणी बसायचं नाही," एवढंच सासरे म्हणायचे.

धंदा बसत चालला होता. आजूबाजूच्या चाळी गेल्या, टॉवर आले. टॉवरमधल्या लोकांना पाकिटातला मसाला पुरतो. ऐन मिरचीच्या दिवसांतसुद्धा गिरणीत दुपारी शुकशुकाट. सासरे गिरणी बंद करायला निघाले होते. मेघना ऐकेना. तिने मोबाइलला स्टँड घेतला आणि रील करायला सुरुवात केली.

नवरा, स्वप्नील, दुपारी डिलिव्हरीला बाहेर असायचा. सासरे माळ्यावर झोपलेले. मेघना एकटीच पहिल्या उखळापाशी बसायची. बेडगी, संकेश्वरी, भाजलेले धने, दगडफूल. तीस सेकंदांचा व्हिडिओ. खाली पत्ता.

पहिले दोन कोणी बघितले नाहीत.

तिसरा चालला. असा चालला की शिवडी, परळ, डिलाईल रोडवरून लोक पिशव्या घेऊन यायला लागले.

खाली कमेंट यायच्या. "मावशींचा हात कसला सफाईने चालतो." "मावशींकडूनच कुटून घेणार."

मेघना हसली. बत्तीस वर्षांच्या बाईला मावशी म्हणतात मेले.

मग एक कमेंट आली...

"ताई, तुमच्या मागच्या मावशींना सांगा, हात फार आत घालतायत."

मागे? मेघनाने व्हिडिओ पुन्हा लावला. ती स्वतः. भिंत. वर टांगलेलं मुसळ.

बाकी कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी लोअर परळच्या टॉवरमधून ऋता नावाची मुलगी आली. मिरची पुढे करून म्हणाली, "मला त्या वयस्कर मावशींकडूनच हवंय. आहेत ना आज?"

"कोण मावशी? इथे मीच असते."

"अहो, ह्या काय." तिने मोबाइल समोर धरला. "तुमच्या मागे बसल्यात. हिरवं लुगडं, पांढरे केस."

मेघनाने डोळे फाडफाडून बघितलं.

भिंत. मुसळ.

ऋताने तिच्या तोंडाकडे बघितलं, मिरचीची पिशवी उचलली आणि निघून गेली.

संध्याकाळी मेघनाने स्वप्नीलला व्हिडिओ दाखवला. काही न सांगता. नुसतंच विचारलं, "कोण कोण दिसतंय?"

"तू. आणि ती म्हातारी." त्याने सहज सांगितलं. "मला वाटलं तू कोणाला तरी मदतीला बोलावलंयस. पण तिसऱ्या उखळापाशी कशाला बसवलंस गं? बाबा ओरडतील."

स्वप्नीलने सगळे व्हिडिओ एकामागून एक लावले. तो सांगत गेला, ती ऐकत गेली. पहिल्यात बाईचा हात उखळाच्या काठावर. दुसऱ्यात बोटं आत. तिसऱ्यात मनगटापर्यंत. प्रत्येक व्हिडिओत हात थोडा आणखी आत... आणि मुसळ थोडं आणखी खाली.

आणि बाई उखळाकडे बघतच नव्हती. ती वर बघत होती.

माळ्याच्या जिन्याकडे.

दोघं मोबाइल घेऊन सासऱ्यांकडे गेले. सासऱ्यांनी चष्मा लावला, बघितलं.

"रमा," ते म्हणाले.

"कोण रमा, बाबा?"

"काढून टाक ते सगळं. आत्ताच्या आत्ता."

मेघनाने सगळं काढलं. नवा व्हिडिओ केला नाही. पण लोकांनी आधीच एकमेकांना पाठवले होते. लोक येत राहिले, आणि आता येणारेच आपापले मोबाइल वर करून शूटिंग करायला लागले. किती जणांना नको म्हणणार?

तो शनिवार होता. दुपारचा दीड.

दारात दहाबारा गिऱ्हाइकं. मेघना पहिल्या उखळापाशी. स्वप्नील वजनकाट्यापाशी. सगळ्यांचे मोबाइल वर. मेघनाने मुद्दामच मान खाली घातलेली.

आवाज तिच्या ओळखीचा होता. धाड... धाड. दोन मुसळांचा, एकाआड एक.

मग त्यात तिसरा आवाज आला.

तिने मान वळवली. साखळी सुटून लोंबत होती. तिसरं मुसळ चालू झालं होतं. रिकाम्या उखळात लोखंडावर लोखंड आपटत होतं. साखळी कोणी सोडली, ते आजवर कळलेलं नाही. तिथे कोणी गेलंच नव्हतं.

दारातली एक बाई ओरडली, "अहो, हात! मावशींचा हात अडकलाय, बंद करा कोणीतरी!"

सगळे ओरडायला लागले. आणि त्या गलक्यात सासरे जिन्यावरून धावत उतरले. सत्तरीचा माणूस, अनवाणी. त्यांची नजर आधी दारातल्या मोबाइलवर गेली, मग उखळाकडे.

"रमा, काढ हात," ते म्हणाले. अगदी हळू आवाजात. मेघनाला ते नीट ऐकू आलं.

आणि त्यांनी आपला उजवा हात कोपरापर्यंत उखळात घातला.

मुसळ खाली आलं.

हाड मोडल्याचा आवाज मशीनच्या आवाजातूनही आला. रक्त भिंतीवर उडालं, मेघनाच्या तोंडावर उडालं. मुसळ वर गेलं तेव्हा त्याला बाहीचं कापड चिकटलं होतं. सासरे हात ओढत होते. सगळा जीव एकवटून मागे ओढत होते, पाय भिंतीला लावून... आणि हात निघत नव्हता.

मुसळ पुन्हा आलं. आणि पुन्हा.

स्वप्नील बटणापर्यंत पोचला तोवर चार वेळा आलं होतं.

मशीन थांबलं तसा सासऱ्यांचा हात सुटला. म्हणजे जेवढा उरला होता तेवढा. मेघनाने ओढणी काढून दंडाला घट्ट बांधली. तिच्या बोटांत रक्त आणि तिखट कालवल्यासारखं झालं होतं, डोळे जळत होते. दारातली माणसं मागे सरली होती. एकाच्या हातात मोबाइल तसाच होता. तो म्हणाला, "त्या बाईने धरून ठेवलेला. दोन्ही हातांनी मनगट धरून ठेवलेलं त्यांचं."

हॉस्पिटलात सासरे चार दिवस जगले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मेघनाला जवळ बोलावलं. रमाबाई तिसऱ्या उखळावर बसायची, ते म्हणाले. कणकवलीजवळची. मशीन बंद होतं. ती आतली चिकटलेली मिरची खरवडत होती.

"बटण मी दाबलं."

"चुकून ना, बाबा?"

सासऱ्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मे महिन्यात मेघना आणि स्वप्नील कणकवलीला गेले. स्वप्नीलचं मन नव्हतं. पण मेघनाला वाटलं, त्या बाईची मुलंबाळं असतील, त्यांना खरं काय ते कळायला हवं. माफी मागायला हवी. विचारत विचारत घर सापडलं. कौलारू, पुढे सारवलेलं खळं.

दार एका म्हातारीने उघडलं.

हिरवं लुगडं. पांढरे केस. उजवा हात कोपरापासून नाही.

मेघनाला वाटलं बहीण असेल, नात्यातली असेल. तिने विचारलं, "रमाबाईंचं घर हेच का?"

"मीच रमा. खंयसून इलात?"

मेघना गोंधळली. बाई मेलीय, असं सासरे कधी म्हणालेच नव्हते. ते हे दोघंच धरून चालले होते.

"लालबागहून," ती म्हणाली. "परबांच्या गिरणीतून. बाबा गेले, ते सांगायला आलो."

म्हातारीने मान हलवली. ना आश्चर्य, ना दुःख. मग तिने विचारलं,

"खंयचो हात गेलो तेचो?"

मेघनाने हाताबद्दल एक शब्द काढला नव्हता.

"उजवा," ती कसंबसं म्हणाली.

"बरां." म्हातारी आत वळली. "चाय टाकतंय. घेतल्याशिवाय जाव नकात."

मेघनाने मागे बघितलं. स्वप्नील खळ्याच्या पार टोकाला जाऊन उभा होता. ती जवळ गेली तेव्हा म्हणाला, "हीच. आत्ता दिसते तशीच होती. फक्त तिथे दोन्ही हात होते."

चहा मेघनाने एकटीने घेतला. रमाबाईने डाव्या हाताने कप पुढे केला. ती मुंबई सोडून आली त्याला तेहतीस वर्षं झाली, पुन्हा कधी गेली नाही, असं शेजारची बाई सांगत होती. घरात मोबाइल नव्हता.

गिरणी आता बंद आहे. स्वप्नील नोकरीला लागलाय. ते व्हिडिओ अजूनही कोणाकोणाच्या मोबाइलवर आहेत. मेघना कधीतरी मागून घेते आणि बघते. तिला भिंतच दिसते.

तिला पुन्हा कणकवलीला जायचंय. स्वप्नील नको म्हणतो. मीही नको म्हटलं.

पण ती म्हणते, एकच विचारायचंय तिला. सगळ्या जगाला दिसलीस, मग तुझ्या पुढ्यात रोज बसणारी मी... मलाच का नाही?