चष्मा नसताना दिसलेला माणूस

शालू तलावपाळीवरून, तलावाकाठच्या रस्त्यानं, चष्मा पुसत चालली होती, आणि एका सायकलवाल्याचा धक्का लागून तो चष्मा रस्त्यावर पडून फुटला. समोरच्याच दुकानातून परशुराम धावत आला.

"मॅडम, आत येऊन बसा. आता एकट्या कुठं निघालात? दिसतंय का काही?"

ते नव्वद साल होतं. परशुराम चेंदणी कोळीवाड्यात राहणारा चष्मेवाला, बोलायला गोड आणि हाताचा हळुवार. शालू संशोधक. मेंदूतल्या पेशी शिकतात तसं कॉम्प्युटरला शिकवायचं, माणसांचे चेहरे ओळखायला लावायचं, हा तिचा ध्यास. नवा चष्मा झाला, तरी तिचं दुकानातलं काम काही संपेना. कधी स्क्रू ढिला, कधी नाकावर टोचतंय… निमित्तांना काय तोटा!

"मशीन काय म्हणतंय तुमचं?" तो विचारी.

"हट्टी आहे. मान जरा वळली, की ओळखच देत नाही."

"माणसं पण करतात तसं," तो गालात हसे. आणि शालू घरी जाईपर्यंत मनातल्या मनात मांडे खाई.

मग जर्मनीहून तीन वर्षांसाठी बोलावणं आलं. जायचं तर तिला होतंच. पण परशुरामनं त्याआधी एक शब्द बोलावा, एवढंच मागणं. तिनं बातमी सांगितली, तर तो पठ्ठ्या एकदम गप्प. "काचेवर चरा आलाय," म्हणाला, "बदलून आणून देतो. काठावर बसा."

ती चष्म्याविना तलावाकाठी बसली. पाण्यात दिवे विरघळलेले, येणारेजाणारे म्हणजे नुसते रंगांचे पुंजके. त्यातला एक पुंजका मात्र तिनं लांबूनच ओळखला.

"परशुराम…"

तो थबकला. "चष्मा तर माझ्या खिशात आहे. कसं ओळखलंत?"

"मशीनला अख्खा चेहरा लागतो," शालू म्हणाली. "मला— ज्याची वाट बघते, त्याचं चालणंही पुरतं. आवडता तुम्ही मला. आता बोला काहीतरी."

तो शेजारी बसला.

"मला वाटलेलं, मी बोललो तर तू जायची थांबशील. म्हणून गप्प बसलेलो."

"नाही थांबणार. पण परत येईन."

"मग जा, शालू. येशील तेव्हा विमानतळावर गर्दीत उभा असेन. हात मात्र हलवणार नाही… तू ओळखायचंस."

"ओळखेन की," डोळे पुसत ती हसली. "चष्मा काढून."