तिसऱ्या ओळीतली सुंदराबाई

खोटं वाटलं तर खुशाल हसा. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. साल एकोणीसशे बासष्ट, गाव तेल्हारा, आणि वेळ... मे महिन्यातली भर दुपार. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वऱ्हाडातली दुपार पाहिलेली नाही.

गोवर्धनमामा अकोल्याला जठारपेठेत खुशालरावांच्या दुकानात होते. गावोगाव फिरून शिलाई मशीन विकायचं, हे काम. दुकानाच्या भिंतीवर एक फळी होती, तिच्यावर खिळ्यांच्या ओळी. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाची पुठ्ठ्याची चकती. नाव कळलं की पहिल्या ओळीत, मशीन दाखवलं की दुसऱ्या, ‘पाहू’ म्हणालं की तिसऱ्या, सौदा पटला की चौथ्या. रोज सकाळी खुशालराव फळीसमोर उभे राहून चकत्या सरकवायचे, आणि त्यावरून कोणी कुठल्या गावाला जायचं ते ठरायचं.

नियम एकच. गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं ‘नको’ म्हणेपर्यंत चकती उतरवायची नाही.

त्या उन्हाळ्यात मामांना अमरावतीच्या सरकारी कचेरीत नोकरी लागली. आमच्या घराण्यातली पहिली! सोमवारी हजर व्हायचं होतं. पण मॅट्रिकचा दाखला खुशालरावांनी कामावर घेतानाच अडकवून ठेवला होता.

“दाखला देतो न,” खुशालराव म्हणाले. “पण तुही एक चकती तिसऱ्या ओळीत अडकून हाय. तेल्हाऱ्याची सुंदराबाई. हो का नको, काय ते घेऊन ये, अन् मंग जाय.”

मामांचं डोकंच फिरलं. ही एकटी राहणारी बाई दर खेपेला मशीनच्या चाकावरून हात फिरवायची, आणि म्हणायची, “पाहू, भाऊ.” पण दाखल्याशिवाय नोकरी नाही. करतात काय? निघाले.

तेल्हाऱ्याला पोचले तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सुंदराबाईचं दार उघडंच होतं.

“सुंदराबाई?”

“बसा, भाऊ...” आतल्या खोलीतून आवाज आला.

मामा बाजेवर बसले. पाणी काही येईना. वऱ्हाडात, मे महिन्यात, दारी आलेल्याला पाणी नाही?

मग लक्षात आलं... घरात माठच नव्हता.

चूल थंड. तिच्यावर धुळीचा थर. दाराशी चपलासुद्धा नव्हत्या.

“बाई, आज सांगूनच टाका. हो का नको?”

“पाहू...”

आणि आत मशीन चालायला लागलं. खट खट खट खट...

मामांनी ते अजून पोचवलंच नव्हतं.

खड्ड्यात गेला तो दाखला! मामा उठले आणि सवयीनं म्हणाले, “बरं बाई, येतो.”

उंबऱ्याबाहेर पाय टाकला... आणि ते पुन्हा बाजेवर बसलेले होते.

मशीन थांबलं.

“येतो मनता, मंग चालले कुठी?”

मामा पुन्हा उठले. पुन्हा “येतो.” पुन्हा बाज. मग तोंड घट्ट मिटून निघाले, तर दारच सापडेना. चारी बाजूंना भिंती. मामा लहान मुलासारखे रडायला लागले.

रडता रडता त्यांना उमगलं. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही. अभद्र शब्द तो. त्या एका शब्दापायी मामांनी लहानपणी आईच्या हातची थोबाडीत खाल्ली होती. आणि ही बाई त्यांचा ‘येतो’ खरा करत होती.

“जातो!” मामा किंचाळले. “जातो मी, बाई! जातो!”

दार समोर होतं. उघडं.

मामा धावले. अगदी कानाशी आवाज आला...

“असं का? मंग थांबा, मीबी येतो.”

बाहेर निंबाच्या सावलीत शेजारची दुर्गाबाई बसली होती. ती ताडकन उठली. “अजी भाऊ, त्या बंद घरातून कसे निंगाले? सुंदराबाई तं संक्रांतीलेच मेली!”

मामांनी तिला होळीनंतर मशीन दाखवलं होतं.

खुशालरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि गुपचूप दाखला काढून दिला. चकती मात्र उतरवली नाही. म्हणे, “मेली म्हून काय ‘नको’ मनलं का तिनं?”

अमरावतीला भाड्याची खोली होती. जमुनामामी आधीच तिथं पोचली होती. मामांनी दार वाजवलं, तेव्हा दुपारच होती.

मामीनं दार उघडलं. मामांच्या खांद्यावरून मागं पाहिलं, आणि छान हसली.

“अवं, या न बाई! उन्हात काहून उभ्या?”

मामांनी दार अडवायला हात पसरला. तोवर मामी दारातून बाजूला सरकली होती.

मामांच्या हाताला कोणाचातरी पदर घासून आत गेला...

त्याच खोलीत मामांनी सगळी नोकरी काढली. घर बदला म्हणून आम्ही किती डोकं खाल्लं त्यांचं! “बदलून काय होनार हाय?” एवढंच म्हणायचे.

मामा आता नाहीत. मामी एकटीच राहते तिथं. निदान ती तसं सांगते. भेटायला जायला हवं, मला कळतं.

पण मी जात नाही.