टाका शाबूत होता

कळंबच्या रहमत पिंजाऱ्याचं गिऱ्हाइकाला ठरलेलं बोलणं असे, "कापूस मरत नाही भाऊ. दबते फक्त. पिंजला का पुन्हा जिता."

म्हणूनच बायकोचा, हजराबीचा, चाळिसावा झाल्यावर त्यानं तिची गादी उसवली, कापसाला ऊन दिलं, तो पिंजला आणि नवी गादी भरली. बाळंतपणाला आलेली लेक नाहिद त्यावर निजणार होती. दुसऱ्या कोणी ती गादी जाळली असती. पिंजारी कापूस जाळत नाही. भाव पडल्यानं त्या वर्षी घरोघर कापूस पडून होता, मागितला असता तर कोणीही पोतंभर दिला असता. तरी त्यानं हजराबीचाच भरला.

हजराबी रक्ताच्या हगवणीनं गेली. यवतमाळच्या डॉक्टरानं नंतर कागदावर चित्र काढून समजावलं होतं. जंतू पेशीत शिरतो. पेशी आतल्या बारीक तंतूंवर उभी असते. जंतूच्या एका टोकाला एक प्रथिन असतं, ते हेच तंतू ओढून त्यांचं शेपूट वळतं. त्या शेपटाच्या रेट्यानं जंतू शेजारच्या पेशीत घुसतो. बाहेर येतच नाही, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना दिसत नाही.

"फार हुशार असतो," डॉक्टर म्हणाले होते.

तो शब्द रहमतच्या डोक्यातून जात नव्हता. पहिले तीन दिवस याच माणसानं साखर-मिठाचं पाणी लिहून देऊन घरी पाठवलं होतं. आता बाई मेली, तर जंतूचं कौतुक.

नव्या गादीवर निजायला लागल्याच्या चौथ्या दिवशी नाहिद म्हणाली, "अब्बा, पायथ्याशी गाठ लागते. हात म्हातारा झाला का तुमचा?"

"तीस वर्सात माह्या गादीत गाठ नाही निघाली," तो चिडला.

हात फिरवला तर गाठ होती. बोराएवढी. कापूस सरकू नये म्हणून तो उभे-आडवे टाके घालून गादीचे खण पाडी. त्यातल्या कोपऱ्याच्या खणात. त्यानं वर निळीची खूण केली.

दुसऱ्या दुपारी गाठ शेजारच्या खणात होती. मधला टाका शाबूत होता. तिसऱ्या दुपारी ती त्याच्याही पुढं.

"तूच सरकवून राह्यली का?"

"मले दुसरे धंदे नाहीत का, अब्बा?" नाहिद हसली. तिला सातवा लागला होता. ती कुशीवर निजायची.

पाचव्या दुपारी ती निजलेली असताना त्यानं हात घातला. गाठ तिच्या कमरेखालच्या खणात होती.

"ऊठ."

"काहून?"

"ऊठ म्हणतो ना."

त्यानं कातर घेतली आणि पायथ्यापासून एकेक खण फाडत गेला. त्यानं मोकळा पिंजून भरलेला कापूस खणाखणात सुतळीसारखा वळला होता. घट्ट. टाक्यांच्या अल्याडपल्याड एकच शेपूट.

"हुशार," तो दात खाऊन म्हणाला. "भाड्या, माह्याच कापसाचं?"

शेवटी कमरेखालचा खण फाडला.

शेपूट तिथं वर वळलं होतं, खोळीच्या कापडापर्यंत.

पुढं गाठ नव्हती.

कापडाला भोक नव्हतं.

नाहिद भिंतीला टेकून बसली होती, पोटावर हात ठेवून.

"चिडू नका, अब्बा. आता काहीच टोचत नाही," ती म्हणाली. "लेकरू बी आज अलगच हलून राह्यलं. लाथ नाही मारत. नुसतं इकडून तिकडं सरकते. सरळ."