अनुचित मजकूर

मोबाइल कंपनीच्या दुकानात ती शिरली ती पदर खोचूनच. सकाळपासून गिऱ्हाइकांचे फोन येत होते. ताई, तुमची वेबसाइट उघडत नाही, पडद्यावर नुसतं 'अनुचित मजकूर' असं येतं. घरच्या वायफायवर सगळं ठीक, मोबाइलच्या नेटवर मात्र दार बंद. आणि ज्यांना हा ताप झाला त्या सगळ्यांची कंपनी एकच. हीच.

तक्रारीच्या खिडकीमागे एक चष्मेवाला बसला होता. शर्टाचं वरचं बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं. शिवणारीच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. त्याने शांतपणे विचारलं, "वेबसाइटवर काय असतं?"

"ब्रा," ती म्हणाली. मुद्दामच, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी ती ब्रा शिवायची. पहिली शिवली आत्यासाठी. आत्या ऑपरेशन होऊन घरी आली तेव्हा दुकानात मिळायचं ते एक तर टोचायचं, नाहीतर सरकायचं. शेवटी हिने मशीन पुढे ओढलं. मग आत्याच्या मैत्रिणी आल्या, त्यांच्या ओळखीच्या आल्या, आणि बघता बघता तोच धंदा झाला. वेबसाइटवर फोटो होते, मापं घरच्या घरी कशी घ्यायची ते होतं, आणि त्यातून उठून कामाला लागलेल्या बायकांचे चार शब्द होते.

आता हा मान खाली घालणार किंवा गालातल्या गालात हसणार, अशी तिची खात्री होती. त्याने दोन्ही केलं नाही. समोरच्या संगणकावर ते पान उघडून तो बराच वेळ फोटो बघत राहिला आणि म्हणाला, "ब्राच्या आतल्या भरावाला वजन ठेवता का? ऑपरेशननंतर माझ्या मावशीचा एक खांदा फार दुखायचा... एका बाजूला झुकल्यासारखं वाटतं म्हणायची."

"ठेवते," ती म्हणाली. भांडण कुठल्या शब्दाने सुरू करायचं होतं, ते ती विसरून गेली.

त्याने सगळं समजावून सांगितलं. लहान मुलांनी भलतंसलतं बघू नये म्हणून कंपनीने एक गाळणी लावली होती. गाळणी म्हणजे यंत्र. त्याला शब्द दिसतो, कातडी दिसते, आजार दिसत नाही. वरच्या ऑफिसला तो कळवणार होता, पण तिथलं काम गोगलगायीच्या चालीचं. मग त्याने आवाज खाली आणला.

"तोवर... व्हीपीएन टाका. तुमचा फोन आधी दुसऱ्याच देशातल्या संगणकाशी गुपचूप बोलेल आणि तिथून वेबसाइटवर जाईल. आमच्या गाळणीला पत्ताही लागणार नाही. फक्त फुकटातलं कुठलंही घेऊ नका, त्यातली काही तुमच्यावरच डोळा ठेवतात."

"पगार कंपनीचा खाता, आणि कंपनीच्याच कुंपणाला कुठे भोक आहे ते दाखवता?"

"म्हणून तर हळू बोलतोय."

तिला हसू आलं. त्याने तिच्या फोनवर ते बसवून दिलं, पान उघडलंही. पण दारापर्यंत जाऊन ती परत वळली. "माझ्या बायकांनी मागच्या दाराने का यायचं पण? त्यांनी काय चोरी केलीये?"

तो प्रश्न त्याने घरी नेला असावा, कारण रविवारी फोन करून तो तिच्या शिवणखोलीत आला. ज्यांना व्हीपीएन जमत नव्हतं त्या बायकांना फोनवरून शिकवायला. मग दर रविवारी येऊ लागला. मशीनशेजारच्या स्टुलावर बसून तो कुणा आजींना न कंटाळता सांगायचा, आजी, किल्लीची खूण दिसते का, तिच्यावर बोट ठेवा... दुसरं बोट नको. ती शिवता शिवता ऐकायची. एकदा टीप इतकी वाकडी गेली की अख्खी उसवावी लागली.

मधल्या वारीही तो फोन करायचा. गाळणीबद्दल एक वाक्य बोलून झालं की विचारायचा, "आज कुठल्या देशातून?"

"नॉर्वे."

"लांब पडतं हो. चहाला यायचं म्हटलं तर..."

"मग उद्या जवळचा निवडते."

आत्याचे कान तिखट होते. तक्रार पुढे सरकत नाही तरी कुणाची तक्रार कशी नाही, एवढंच ती म्हणाली.

आणि एका रविवारी तो आलाच नाही. फोनही नाही. सोमवारी ती दुकानात गेली तर खिडकीमागे दुसरीच मुलगी. चष्मेवाला मागच्या कोठारात खोकी लावत होता. तो गिऱ्हाइकांना गाळणी चुकवायला शिकवतो, हे मॅनेजरच्या कानावर गेलं होतं. पुन्हा असं झालं तर घरी बसा, असं बजावलं होतं.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही भांडायला आला असतात."

"उद्या येते," ती म्हणाली.

आली ती आत्याला आणि चारपाच जणींना घेऊन. आत्याने दुकानात मांडलेला एक नवा फोन उचलला, वेबसाइट उघडायला गेली आणि पडद्यावर जे आलं ते मॅनेजरच्या नाकासमोर धरलं. "साहेब, याच्यामागे दडवलाय तो फोटो माझा आहे. माझ्या छातीत अनुचित काय आहे, तेवढं सांगा. आजार की ऑपरेशन?"

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला. त्याने सगळ्यांना खुर्च्या दिल्या आणि तिथूनच वरच्या ऑफिसला फोन लावला. गोगलगाय त्या आठवड्यात चक्क धावली. वेबसाइट मोकळी झाली, चष्मेवाला खिडकीत परतला. आता शिकवायला कुणी उरलं नाही, फोन करायला कारण उरलं नाही. जिंकूनही तिला काही गोड लागेना.

रविवारी दुपारी तो दारात उभा. आत्याने विचारलं, "आता काय बिघडलं?"

"काही नाही."

"मग?"

"काही बिघडलेलं नसताना आलेलं चालतं का... ते बघायला आलो."

आत्याने दोघांकडे बघितलं, शेजारी जरा काम आहे म्हणाली आणि चपला घालून निघाली. शेजारी सकाळपासून कुलूप होतं.

तो चष्मा काढून पुसत उभा राहिला. "नोकरी जाईल म्हणाले ना, तेव्हा मला आधी रविवारच आठवले. आपले. मग पगार."

तिने स्टुलावरच्या चिंध्या उचलल्या. मशीनकडे बघत म्हणाली, "मलापण तो एक रविवार फार लांब गेला." आणि मग त्याच्याकडे बघून, "बस."

इतके दिवस ती 'बसा' म्हणायची. एक काना गळाला, आणि तो त्याने बरोबर टिपला. तो बसला.

"तू..." म्हणाला, थांबला, शब्द तोंडात बसतो का बघितलं. "तू पण बस ना."

मशीनचं बटण बंद करून ती बसली.