मिरची मार्केटमधली उघडी फाइल

नंदुरबारच्या मिरची मार्केटमध्ये माणसं एकमेकांना भेटतात ती शिंकतच. अल्पनाही शिंकत आत शिरली, डोळ्यांतून धारा... आणि थेट एका लॅपटॉपवर धडकली.

"लॅपटॉप वाचला," तो सावरत समोरचा म्हणाला. "पण तुम्ही रडताय कशाला?"

"मिरची आहे हो!"

"मला वाटलं, लॅपटॉपवर आमच्या कंपनीचं नाव बघून."

हा मयंक, अल्पनासारखाच प्रोग्रामर, पण दुसऱ्या कंपनीचा. मिरची व्यापाऱ्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या इथं दोनच, आणि एकीची फाइल दुसरीत उघडत नाही याचा दोघींना सारखाच अभिमान. व्यापारी मग स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून पाठवत, आणि तिकडचा मुनीम तो बघून सगळं पुन्हा टाइप करी. याला दोन्ही कंपन्या डिजिटल क्रांती म्हणत.

शेवटी व्यापाऱ्यांचे अध्यक्ष मांगीलालशेठ भडकले. "तुम्हना भांडणमा मन्हा माल अडकेल शे! एकच उघडा फॉरमॅट करा, फाइल कोठे बी उघडाले पाहिजे. नहीं ते दोन्हीजन चालता व्हा!"

म्हणून दोघं शेठच्या पेढीवर शेजारी शेजारी बसू लागले.

"तुम्ही कोडमध्ये कंस इतके का उघडता?" मयंक विचारी.

"नंतर बंद करते ना!"

"तेच. तुमच्या कंपनीला बंद करायची भारी हौस."

अल्पनाला हसू आलं, आणि पाठोपाठ लाज. कारण तिच्या कंपनीच्या करणसिंग साहेबांनी तिला बजावलं होतं – नव्या फायली उघडू दे, जुन्यांना कुलूप ठेव. जुनं अडकलं की गिऱ्हाईक हलत नाही. ते कुलूप तिनंच लिहिलं होतं, आणि वाईट म्हणजे, चांगलं लिहिलं होतं.

काम संपत आलं तेव्हा मयंक म्हणाला, "मागच्या हंगामाची फाइल टाकून बघू?"

तिची बोटं थांबली. "नाही उघडणार... मीच... कुलूप लावलंय."

मयंक उगाच चष्मा पुसत राहिला. "आमच्या साहेबांनीही तेच सांगितलं होतं. मला जमलं नाही."

"कोड?"

"तुम्हाला फसवणं."

अल्पनानं कुलूप काढलं, फाइल पाठवली. त्याच्या स्क्रीनवर अख्खा हंगाम ओळीनं उभा राहिला. मग तिनं साहेबांना फोन करून सांगूनही टाकलं.

"उद्या बोलू," साहेब म्हणाले. आधीच्या प्रोग्रामरलाही ते हेच म्हणाले होते; तो आता खापर गावात मोबाइलची कव्हरं विकतो.

"उघडनी!" शेठ खुशीत ओरडले. "आते मी कोणाकडे बी जाऊ शकस!" आणि गावभर सांगायला निघून गेले.

"गेलं आमचं गिऱ्हाईक तुमच्याकडे," मयंक म्हणाला.

"किंवा आमचं तुमच्याकडे."

"आणि... तू?"

'तू' त्याच्या तोंडून कसा निसटला, त्यालाच कळलं नाही. अल्पनानं खांद्याला लावलेली बॅग सावरली.

"मीही. नोकरी तर गेलीच बहुतेक. कुठंही जाऊ शकते."

"मग... थांबलीस कशाला?"

तिनं बॅग खाली ठेवली, खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"जायला मोकळी आहे ना – म्हणून तर बसलेय. चहा सांग."