पाण्यावरचा पाहुणा

मळलेल्या धानाची रास खळ्यावर पडली होती आणि ती राखायला वारलूभाऊ बसला होता. सोबतीला पियुष आणि त्याचे दोन मित्र, कारण सध्या रानडुकरांपेक्षा वाघाचीच धास्ती जास्त. शेकोटी पेटली, डबे निघाले. पियुषनं झाकण उघडलं आणि सवयीनं मोठ्यानं म्हटलं, "या जेवाले!"

म्हातारा एकदम कावला. "कोनाले म्हनून राह्यला गा? आमी तं इथीच बसलो. अंधारात तोंड करून कोनाले बलावतं?"

"असंच, भाऊ. सवय."

"सवयच होती त्या पोराची बी."

पोरांनी जेवण आवरतं घेतलं आणि ती म्हाताऱ्याच्या मागेच लागली. वारलूभाऊ आधी आढेवेढे घेत होता. मग त्यानं सांगितलं. गोष्ट त्याच्या मामेबहिणीची, आशाबाईची. ऐकीव नाही, घरातली.

आशाबाईचा नवरा लवकर गेला. दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाच्या रोवण्या करून तिनं एकुलता एक प्रणित वाढवला. त्याच्याशिवाय तिचं या जगात कोणी नव्हतं. पोरगा नेव्हीत खलाशी झाला, पुढे नोकरी सोडून गोव्याला होड्या बांधायच्या कारखान्यात लागला, आणि तिथं त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. स्वतःच्या हातानं बांधलेल्या छोट्या शिडाच्या होडीतून समुद्र ओलांडायचा. गोव्याहून थेट मॉरिशस, तेही एकट्यानं. ज्या गावातल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त मोबाइलवर पाहिलेला, त्या गावाला हसायला आयतंच कारण मिळालं. हौसेला मोल नाही, म्हणाले. आशाबाई हसली नाही. जावो बापडा, पण परत येवो, एवढंच तिचं म्हणणं.

ती रात्र तेवीस नोव्हेंबरची, साल दोन हजार बावीस. बुधवार, कार्तिकातली अमावस्या. सुटीवर येताना प्रणितनं सरावाची एक लहान होडी पिकअपमध्ये घालून आणली होती. गावचा तलाव मोठा, पलीकडचा काठ दिवसासुद्धा धुरकट दिसतो. दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही, असा त्याचा पण होता. पण गडबडीत डबा घरीच राहिला. तो द्यायला आशाबाई तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, गेली.

त्यानं होडी काठाजवळ आणली आणि खाली न उतरता हात लांबवून डबा घेतला.

"लय थंडी हाय बाबू. शाल घे."

"राहू दे माय. तू घरी जाय. वाघ फिरून राह्यला."

होडी अंधारात गेली. आशाबाईचा पाय काही घराकडे वळेना. पाळीवर मासेमारी सोसायटीचा राखणदार पोचू शेकत बसला होता, त्याच्यापाशी तीही टेकली. पोचूचा डोंगा समोरच बाभळीला बांधलेला. तलावावर दुसरी नाव नव्हती.

वारा पडला. पाणी निजलं. निजलेल्या पाण्यावरून आवाज फार लांब येतो. तिला डब्याचं झाकण वाजलेलं ऐकू आलं, आणि पाठोपाठ पोराचा आवाज, जणू घरच्या ओट्यावरच बसलाय.

"या जेवाले!"

तिला हसू आलं. "पाह्यलं का पोचूभाऊ, एकटा हाय तरी रीत सोडत नाई."

तेवढ्यात पाण्यावरून उत्तर आलं.

"होऊ द्या."

पुरुषाचा आवाज. शांत. रस्त्यानं जाणारा शेजारी म्हणतो तसा.

पोचूचा हात विस्तवावरच थांबला. आशाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. पोचू इथं होता. डोंगा बाभळीला होता.

तिकडे प्रणितला वाटलं असणार, पोचूच जाळी पाहायला आलाय. आता पाहुणा एकदा नको म्हणतो आणि आपण दुसऱ्यांदा आग्रह करतो, हे का कुणाला शिकवावं लागतं? एकदाच बोलावणं म्हणजे न बोलावल्यासारखं.  आशाबाईनं हाक मारायला तोंड उघडलं, पण उशीर झाला होता.

"अरे या ना भाऊ! दोन घास खा."



पाणी एकदा हललं. लाकूड करकरलं. होडीत कोणी पाय ठेवला की करकरतं, तसं.

"पोचूभाऊ…"

"बोलू नका बाई."

"माहा पोरगा…"

"बोलू नका."

मग जेवणाचा आवाज. दोघांच्या.

उजाडल्यावर होडी काठाला लागली. प्रणित मधोमध बसला होता, तरी होडी डावीकडे कललेली. तो उतरला. होडी कललेलीच राहिली.  रात्रभर त्यानं बॅटरीचा उजेड त्या बाजूला एकदाही पाडला नव्हता.

पोचूनं एकच गोष्ट विचारली. "जेवल्यावर 'येतो' म्हनला का तो?"

"नाई."

"मंग गेला नाई," पोचू म्हणाला आणि होडीला हात न लावता घरी निघून गेला.

आशाबाईनं पोराचे पाय धरायचे बाकी ठेवले. जाऊ नको, म्हणाली. प्रणितनं ऐकलं नाही. पाच वर्षं त्यानं त्या समुद्रावरच्या होडीसाठी घातली होती. "माय, ते जे काय होतं ते तलावात राह्यलं," असं तिला म्हणाला, आणि स्वतःलाही. जानेवारीत तो गोव्याहून एकटा निघाला.

भर समुद्रातून लागतो तसला फोन त्याच्याकडे होता. दर रविवारी संध्याकाळी आशाबाई चुलीपाशी मोबाइल घेऊन बसायची. पहिले दोन रविवार पोरगा खुशीत होता. तिसऱ्या रविवारी आवाज बसलेला.

"माय, पानी सरून राह्यलं."

"मोजून नेलं होतं ना?"

"एका मानसाचं मोजलं होतं."

चुलीतलं लाकूड तडतडलं. 

"पुन्हा काऊन बलावलं रे त्याले?"

"बलावलं नाई माय. तो गेलाच कुठी होता?… इथीच बसला हाय. मी वाढतो. एक दिवस नाई वाढलं… तं होडी कलू लागली. पार पान्याले टेकली."

"जा म्हन त्याले!"

"जेवत्या मानसाले उठवू कसा? तूच तं शिकवलं."

आशाबाई शाळेत गेली नव्हती, पण किनारा किती लांब आणि पाणी किती थोडं हे तिला कळत होतं. दोघांना ते पुरणार नव्हतं. आणि पाहुणा काही तहानेनं मरणार नव्हता.

ती उठून उभी राहिली. "फोन त्याच्यापाशी धर."

"माय…"

"धर म्हनते ना!"

वारा. शिडाची फडफड. मग फडफडही थांबली…

"दादा, मी प्रनितची माय. माह्या घरी या जेवाले."

 मग तोच आवाज. शांत.

"होऊ द्या."

वारलूभाऊनं इथं शेकोटीत एक लाकूड सारलं. पियुषनं हळूच विचारलं, "मंग?"

"मंग काय? इथी थांबता येत होतं तिले. एक डाव बलावलं, रीत झाली." म्हातारा म्हणाला. "तिले मालूम होतं ना, दुसऱ्यांदा म्हनलं का काय होते ते. सारं मालूम होतं."

आशाबाईनं चुलीसमोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. आणि म्हणाली,

"या ना भाऊ. भात मांडला हाय."

फोन बंद पडला.

प्रणित पोहोचला. पाण्याचा शेवटचा डबा अर्धा उरला होता. पेपरात फोटो आला, गळ्यात हार, मागे होडी अगदी सरळ उभी. गावानं फटाके फोडले. त्यानं मायला फोन केला, आता घरी येतो म्हणाला.

"येऊ नको," आशाबाई म्हणाली.

"काऊन वो माय?"

"माह्यासमोर कोन बसते, तुले मालूम हाय. तू दिसला तं तो तुह्यासंगं उठंल. तिथीच राह्य बाबू. जेवत जाय."

त्याला तीन वर्षं झाली. पोरगा दर रविवारी फोनवर रडतो, ती त्याची समजूत काढते. मोठा झाला आणि मायला विसरला, असं गाव म्हणतं. ती म्हणू देते. ज्याला वाचवलं त्याचंच तोंड पाहायची चोरी. वारलूभाऊला याचंच फार वाईट वाटतं, भुताखेताचं एवढं नाही.

मागच्या आठवड्यात तो नवे तांदूळ द्यायला सकाळीच तिच्या दारात गेला. उभ्या जन्मात पहिल्यांदा आशाबाई त्याला बस म्हणाली नाही, जेवून जा म्हणाली नाही. तिनं दारातच पिशवी घेतली आणि ती मागच्या खोलीत ठेवायला गेली. तेवढ्यात वारलूभाऊनं आत पाहिलं. भुई नुकतीच सारवलेली, सगळीकडे ओली, हिरवट. फक्त चुलीसमोर एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा कोरडी होती. आणि पांढरी.

त्यानं आत जाऊन, वाकून त्या जागेवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मीठ होतं.