एकशे बारा आत, एकशे बारा बाहेर

"बाई, टेलरमास्तरांना समुद्रानं नेलं. पण आकडा कमी झाला नाही!"

फोनवर फाटकवाले काका होते. इन्स्पेक्टर बाई धक्क्यावर पोचल्या तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. मेरी-गो-राउंड थांबलं होतं, पण वाऱ्यानं त्याचे लाकडी घोडे कुरकुरत होते.

धक्क्याच्या टोकाला रिकामी घडीची खुर्ची होती. शेजारी आमिषाचा डबा आणि उजव्या कठड्याला बांधलेला गळ.

"रोज इथंच बसायचे. अठरा वर्षांपूर्वी त्यांची बहीण इथूनच गेली ना! फक्त चपला सापडल्या. तेव्हापासून मास्तर गळ टाकायचे आणि पाण्याशी बोलायचे."

"आज कोणी पाहिलं त्यांना?"

"सगळ्यांनीच. टोपी, लांब कोट, सूर्याकडे तोंड करून बसलेले. गर्दी गेल्यावर हाक मारायला आलो, तर खुर्ची रिकामी."

"आणि आकड्याचं काय?"

"फिरत्या फाटकावर यंत्र आहे. आत जाणारे वेगळे, बाहेर येणारे वेगळे. आज आत एकशे बारा. मास्तर गेले म्हणजे बाहेर एकशे अकरा हवेत. पण एकशे बारा आहेत, बाई! समुद्र एक घेतो आणि एक परत पाठवतो म्हणतात. आज माझ्या डोळ्यांदेखत कोण बाहेर गेलं असेल?"

भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण त्या काळ्या पाण्याकडे पाहताना ते स्वतःला पटवून द्यावं लागत होतं.

त्यांनी टॉर्च खाली मारला. ओहोटी होती. गळाची दोरी थेट कोरड्या खडकांवर लोंबत होती.

"मास्तर ओहोटीला या बाजूला गळ टाकायचे?"

"छे! ओहोटीला डावीकडे. त्यांना डोळे मिटून कळायचं."

"बाहेर जाताना ओळखीचं कोण दिसलं?"

"शाळेच्या मुख्याध्यापिका, दोन्ही न्हावी, मास्तरांचे मेहुणे बर्फवाले. पिशवी सांभाळत 'येतो काका' म्हणून गेले."

"आत जाताना यांना पाहिलंत?"

"गर्दीत कुठं लक्ष राहतं, बाई?"

चहाच्या टपरीवाल्या मावशी मात्र ठाम होत्या. "मास्तर माझा चहा घेतल्याशिवाय खुर्ची उघडत नाहीत. आज टोपी खाली ओढून तसेच पुढं गेले. मी हाक मारली, तर नुसता हात हलवला."

मास्तरांचं घर दुकानाच्या मागेच होतं. बायको जेवणाचं ताट झाकून बसली होती. अजून तिला कोणी नीट सांगितलं नव्हतं, पण बाईंचा चेहरा पाहून ती समजली.

"दुपारी कोट-टोपी, गळ, खुर्ची घेऊन दुकानातून तडक उठून गेले. 'संध्याकाळी धक्क्यावरून येतो' एवढंच म्हणाले. चेहरा पांढराफटक."

"काकू, तुमच्या नणंदेबद्दल सांगाल?"

"काय सांगू? यांनी शिवलेला हिरवा कोट घालून धक्क्यावर गेली आणि बुडाली. तिचे यजमानच म्हणाले, हिरवा कोट घालून निघाली. ते बिचारे तेव्हा त्यांच्या बर्फाच्या कारखान्यात नव्या टाकीचं काँक्रीट ओतत होते. हातातलं काम टाकून धावले."

दुकानात शिलाई मशीनजवळ बायकी हिरवा कोट पडला होता. अस्तर अर्धं उसवलेलं. टाचणीनं चिठ्ठी लावली होती: 'बर्फवाल्यांच्या बाई. बाह्या दंडाला आत घेणे.'

बाईंनी कॉलर उलटली. आत लाल दोऱ्याच्या दोन बारीक गाठी होत्या.

काकूंनी त्या गाठींवर बोट ठेवलं. "घरच्यांच्याच कपड्यांना घालायचे ते या गाठी."

बाई क्षणभरही थांबल्या नाहीत.

बर्फाच्या कारखान्यात बर्फवाले आणि त्यांची दुसरी बायको दोघंही होते. दोन हवालदार कोठारांकडे गेले. काकू हट्टानं बाईंबरोबर आल्या होत्या. हिरव्या कोटाबद्दल विचारताच ती बायको सहज म्हणाली, "माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला."

"मेहुणे गेल्याचं कळलं," बर्फवाले म्हणाले. "बहिणीच्या मागोमाग गेले. त्या जागेला शापच आहे."

"तुम्ही संध्याकाळी कुठं होतात?"

"धक्क्यावर. सूर्यास्त पाहायला."

"आत कोण म्हणून गेलात?"

बर्फवाले हसले, पण ते हसू तोंडावरच थिजलं.

"ऐका," बाई म्हणाल्या. "समुद्रानं कोणालाच नेलं नाही, म्हणून आकडा जुळला. जो मास्तर म्हणून आत गेला, तोच दुसरा कोणी होऊन बाहेर आला. मावळत्या सूर्यासमोर नुसती काळी आकृती दिसते. टोपी आणि कोट पुरतो. पण चहा घ्यायचा तर तोंड दाखवावं लागतं. आणि ओहोटीला खडकावर गळ टाकतो तो मास्तर नव्हे. मेरी-गो-राउंडच्या आडोशाला तुम्ही कोट काढलात, पिशवीत कोंबलात आणि काकांना मुद्दाम हाक मारून गेलात."

"मी कशाला मारीन त्यांना?"

"कारण बुडालेल्या बाईचा कोट माळ्यावरच्या ट्रंकेत सापडत नसतो. तुमच्या या पत्नीला सापडला. त्यांनी निष्पापपणे तो मास्तरांकडे दिला. मास्तरांनी आपलीच शिलाई ओळखली. बहीण धक्क्यावर गेलीच नव्हती. चपला तुम्ही ठेवल्यात. जाब विचारायला ते दुपारी इथं आले आणि परत गेले नाहीत. आणि बहीण..." बाईंनी शेजारच्या टाकीच्या काँक्रीटकडे पाहिलं. "त्याच दिवशी तुम्ही काँक्रीट ओतत होतात."

एक हवालदार पिशवी घेऊन आला. आत टोपी होती, लांब कोट होता. "बाई, मागच्या कोठारात बर्फाखाली मास्तरांचा मृतदेह आहे," तो म्हणाला.

बर्फवाल्यांनी टाकीकडे पाहिलं. "ती मला सोडून चालली होती," ते एवढंच म्हणाले.

त्यांना नेल्यावर काकू बराच वेळ टाकीच्या कडेला उभ्या होत्या. "अठरा वर्षं ते रिकाम्या पाण्याशी बोलत होते हो," त्या पुटपुटल्या.

कोपऱ्यात बर्फवाल्यांची बायको उभी होती. "मी तो कोट नेला नसता, तर मास्तर..."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता ही तिला मारणार.

"तू नेला नसतास, तर तिचं काय झालं ते कधीच कळलं नसतं," काकू म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि तिचा गारठलेला हात धरला. "त्या घरात आता एकटी राहू नकोस. चल माझ्याकडे."